सडकेचा इजारा

ताडकळस, कार्तिक वद्य सप्तमी, शके १८६६

महालिंग,

चिरंजीव, आशीर्वाद वगैरे सगळं लिहिलं असं समज. आज तेवढं मन थाऱ्यावर नाही.

भुजंगला कंपनीनं काढलं. तुझ्या दाजींनी मोटार घेतली तेव्हापासून तोच चालवायचा. तू सुट्टीला यायचास तेव्हा परभणी टेसनावरून तुला घेऊन येणारा, पेटी तुला उचलू न देणारा तो भुजंग. त्याचा गुन्हा ऐक. मंगळवारी मोटार परभणीकडं चालली होती. वाडीच्या फाट्यावर मनकर्णा बाजेवर पडलेली, आदल्या रात्रीपासून अडलेली. पोर आडवं होतं. दगडाबाई सुईण सडकेच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या अंगावरून घाल, न्हाईतर हिला आत घे."

कंपनीचा हुकूम असा की मधे कुठं थांबायचं नाही. मागच्या फळ्यांवर परभणीच्या व्यापाऱ्याची कापडाची गाठोडी होती. भुजंगनं गाठोडी उतरवून दगडाबाईच्या सुनेच्या हवाली केली, मनकर्णेला फळ्यांवर निजवलं आणि थेट परभणीच्या सरकारी दवाखान्यासमोर मोटार उभी केली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. गाठोडीही सुखरूप आहेत. पण दुसऱ्या दिवशी भुजंग कामावर गेला तर त्याला म्हणाले, चावी ठेव आणि जा.

तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी म्हटलं, "दुसरीकडं बघ की." तर हसला. म्हणाला, "अक्का, दुसरीकडं म्हंजे कुठं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी किशनराव पाटलानं ड्रायव्हर हाकलला तर तो संध्याकाळी आमच्या दारात यायचा. आम्ही हाकलला तर किशनरावाकडं जायचा. म्हणून दोन्ही मालक जीभ आवरून बोलायचे. आता परभणीपासून पूर्णेपर्यंत मालक एकच. त्यानं नाही म्हटलं की साऱ्या मुलखानं नाही म्हटलं.

आणि हा एक मालक केला कुणी? तुझे सासरे नागनाथअप्पा या कंपनीचे मुखत्यार, आणि करारनामा लिहिणारा वकील तू. गेल्या सालच्या दिवाळीत आमच्याच घरी पुरणपोळी जेवून तू यांना समजावलंस की लढाई चालू आहे, पेट्रोल मिळत नाही, सगळ्या मोटारी एका कंपनीत घाला, सगळे भागीदार व्हा. परभणीच्या मालकांनी सह्या केल्या. यांनी तुझ्या तोंडाकडं पाहून केली. किशनरावानं केली नाही, तर त्याचा पेट्रोलचा परवाना अडला. कुणाच्या शब्दानं अडला ते मला माहीत नाही. तुला असेल. त्याची मोटार लिंबाखाली उभी आहे, तिच्या टपावर कोंबड्या बसतात.

आता ऐकते की गोदा मोटार कंपनीला दहा वर्षांचा इजारा द्यायचा कायदा कौन्सिलात आला आहे. इजारा म्हणजे त्या सडकांवर दुसऱ्या कुणी भाड्याची मोटार चालवायचीच नाही. आणि हा कायदा लोकांच्या भल्याचा आहे का ते तपासायला जी कमिटी बसली, तिच्यात तू मेंबर आहेस. तर मग बोल. मनकर्णेचं सांग. भुजंगचं सांग. तुला बोलता येतं, त्यासाठी बाबांनी तुला हैदराबादला ठेवलं होतं.

तुझी अक्का
महादेवी

ताडकळस, पौष शुद्ध तृतीया, शके १८६६

महालिंग,

मी पत्र तुला लिहिलं आणि तू उत्तर यांना पाठवलंस. यांनी वाचलं, घडी घातली, माझ्यासमोर ठेवलं आणि दुकानात निघून गेले.

"अक्का भावनेच्या भरात लिहितात," म्हणे. "मोटारवाले आपसांत शर्यत लावून पेट्रोल जाळत होते, गाड्या उलटवत होते. एका हाताखाली आल्या की शिस्त लागेल. सार्वजनिक हित यातच आहे. अक्कांना कायद्याची बाजू दिसत नाही."

दिसते तेवढी सांगते. शर्यत लागायची, खरं आहे. आमची मोटार किशनरावाच्या पुढं जायच्या नादात ओढ्यात गेली होती आणि हे महिनाभर लंगडत होते. ते मी लपवत नाही. पण बाकीचंही लिही की. किशनरावानं म्हाताऱ्या माणसांना वेशीपर्यंत सोडायला सुरुवात केली, म्हणून आम्ही महादेवाच्या देवळापर्यंत सोडू लागलो. आम्ही फळ्यांवर सतरंजी घातली, तर त्यानं टपाला ताडपत्री केली. हे दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, आणि त्या भांडणात गावाचं बरं चाललं होतं. आता भांडण मिटलं. वेशीवर कुणी सोडत नाही, देवळाशी कुणी सोडत नाही. फाट्यावर उतरा आणि चालायला लागा. भाडं वाढलं. विचारलं तर कंडक्टर म्हणतो, "परवडंना तर चालत जावा."

शिस्त म्हणतोस ती ही.

तुझी कमिटी लोकांचं म्हणणं ऐकायला माघात परभणीला येणार असं दवंडीवाल्यानं सांगितलं. ज्याला बोलायचं त्यानं यावं. मी येणार आहे. हे म्हणाले, "मी कंपनीचा भागीदार. तू तिथं बोललीस तर मी तोंड कुठं दाखवू?" मी म्हटलं, "मनकर्णेला दाखवता येतंय ना, तेवढं पुरं."



महादेवी

ताडकळस, माघ शुद्ध द्वादशी, शके १८६६

महालिंग,

हे पत्र तू फाडशील. फाडायच्या आधी वाच.

त्या दिवशी सकाळी मी किशनरावाच्या बैलगाडीत बसून जाणार होते. बाहेर आले तर यांनी आपली बैलांची दमणी जुंपलेली. स्वतः कासरा धरून बसले होते. मी चढून बसले.  परभणीला कचेरीच्या पायऱ्यांशी उतरताना म्हणाले, "घाबरू नको. सावकाश बोल."

भागीदार माणूस. त्याला एवढं जमलं. आता तुझं सांगते.

मी आत आले तेव्हा तू मला पाहिलंस. मी पाहिलं की तू पाहिलंस. आणि लगेच टाक उचलून निब पुसायला लागलास. कमिटीचे सदरसाहेब भले गृहस्थ; मला खुर्ची द्या म्हणाले, मराठीत बोला म्हणाले, त्यांचा कारकून, पेशकार, उर्दूत तर्जुमा करील. मी सगळं सांगितलं. सावकाश सांगितलं. भुजंगचं, मनकर्णेचं, फाट्याचं, किशनरावाच्या अडलेल्या परवान्याचं. पेशकारानं एवढं सगळं ऐकलं आणि उठून म्हणाला की बाईंची कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही, फक्त एका ड्रायव्हरवर दया व्हावी एवढी विनंती आहे.

दुकानात बसून माझं आयुष्य गेलं, महालिंग. अरब, पठाण, रोहिले सगळ्यांना मी गूळ विकला आहे. मला उर्दू कळत नाही असं त्या पेशकाराला वाटलं असेल. तुला तर माहीत होतं. आणि तुला मराठी येते. त्या टेबलाशी बसलेल्या मेंबरांत माझं बोलणं आणि त्याचा तर्जुमा, दोन्ही समजणारा तू एकटा होतास. मी तुझ्याकडं पाहिलं. तू कागदाकडं पाहिलंस.

मग मीच उभी राहिले. जशी येते तशी आमची दखनी बोलले. "सरकार, मैं ड्रायव्हर के वास्ते नै आई. मैं सडक के वास्ते आई. ये साहब आधा बोले."

मागं कुणीतरी हसलं. सदरसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेशकाराला खाली बसवलं आणि मला विचारलं, "पेट्रोल इतकं कमी असताना दोन मोटारी कशा चालवायच्या?"

मी दखनीतच म्हटलं, "मोटार एकच धावू दे. मालक दोन राहू द्या. एक दिवस कंपनीची, एक दिवस किशनरावाची. पेट्रोल तेवढंच जळेल. पण सोमवारच्यानं त्रास दिला तर माणूस मंगळवारपर्यंत थांबेल, आणि हे सोमवारच्याला ठाऊक असेल."

सदरसाहेब मागं रेलून बसले. बाजूच्या मेंबरला म्हणाले, "यात वावगं काय आहे?" तेव्हा, अरे तेव्हा तू तोंड उघडलंस. मला वाटलं, आता माझा भाऊ बोलतो.

तू म्हणालास, "बाई, आपण मन्मथअप्पांच्या पत्नी ना? म्हणजे कंपनीच्या भागीदाराच्या? मग आपलं म्हणणं घरगुती मतभेदातून आलेलं नाही कशावरून?"

आपण! मी तुला कडेवर घेऊन ताडकळसचा बाजार फिरवला आहे.

माझ्या जिभेवर आलं होतं. विचारणार होते, आणि आपण कंपनीच्या मुखत्याराचे जावई ना? तिथं कुणाला ते ठाऊक नव्हतं, हे तुझ्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण अव्वा डोळ्यांपुढं आली. तिचा लेक भर कचेरीत उघडा पडावा असं मला वाटलं नाही. मी गिळलं. म्हटलं, "माझं म्हणणं माझंच आहे," आणि बाहेर आले.

पायऱ्यांवर हे उभे होते. दारातून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "मी भागीदारी सोडली." मी विचारलं, "मोटार?" म्हणाले, "ती कराराप्रमाणं कंपनीची. तुझ्या भावानं कागद पक्का लिहिलाय."

महादेवी

ताडकळस, वैशाख वद्य पंचमी, शके १८६७

महालिंग,

कायदा झाला हे आम्हाला होळीनंतर कळलं. दहा वर्षं. तूही हात वर केलास हे किशनरावाच्या पाहुण्यानं हैदराबादहून कळवलं. त्यावर मी पत्र लिहिणार नव्हते. जो माणूस ऐकतच नाही त्याला काय लिहायचं?

पण दगडाबाई गेली. म्हणून लिहिते.

रंगपंचमीपासून कंपनीनं ताडकळसची मोटारच बंद केली. आमचीच मोटार, यांनी घामाचे पैसे घालून घेतलेली, ती जिंतूरच्या सडकेला नेली. तिकडं कपाशीचे व्यापारी बसतात, भाडं चांगलं सुटतं. हरकत नाही, न्या. मग किशनरावानं त्याची मोटार बाहेर काढली. त्यानं मागं कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली आहे. सुरू करायला घोटभर पेट्रोल लागतं, पुढं बाभळीच्या कोळशावर चालते. तर पोलिसांचा अमीन आला आणि म्हणाला, चालवायची नाही, सडक कंपनीची आहे. किशनराव म्हणाला, "पण कंपनी चालवतच न्हाई की!" अमीन म्हणाला, "न चालवायचा हक्क पण तिचाच."

हे वाक्य मी रोज मनात म्हणून पाहते. अजून त्याचा अर्थ लागत नाही.

दगडाबाईच्या पोटात दुपारी कळ उठली. वैद्य म्हणाला, आतडं फिरलंय, दवाखान्यात न्या. किशनरावाची मोटार तयार होती, भुजंगनं भट्टी पेटवलीसुद्धा. पण दगडाबाईच्या लेकानंच हात जोडले. आदल्या आठवड्यातच अमीनानं मोटार जप्त करायची धमकी दिली होती. "माझ्या मायपायी तुमची मोटार जायची," म्हणाला, आणि बैलगाडी जुंपली. आम्ही समजावेपर्यंत ती वेशीबाहेर गेली होती. दगडाबाई अर्ध्या वाटेत, ओढ्याच्या चढाला गेली. साऱ्या गावाच्या लेकी-सुना जिनं सोडवल्या, ती उन्हात बैलगाडीत तळमळत गेली.

त्या पोराला कायदा कळला होता बघ. फार नीट कळला होता.

महादेवी

ताडकळस, ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६७

महालिंग,

आता जे लिहिते ते तुझ्या कानावर आलंच असेल, पण खरं माझ्याकडून ऐक.

दगडाबाईच्या दिवसांनंतर मी किशनरावाच्या वाड्यावर गेले. हेही आले. पूर्वी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे हे दोघं एका घोंगडीवर बसले. मी विचारलं, "कायद्यात काय लिहिलंय? भाड्यानं माणसं न्यायची नाहीत. फुकट नेऊ नका असं लिहिलंय का?" किशनराव म्हणाला, "न्हाई." मी म्हटलं, "मग भाडं घेऊ नका."

मंगळवारी मोटार निघाली. भुजंग चालवायला, किशनराव आणि मी पुढं. ज्याला यायचं त्यानं यावं. पैसा कुणी घेतला नाही. पण घरोघरच्या बायांनी बाभळीचा कोळसा आणून भट्टीशी ओतला. कुणाला मागितला नव्हता. 

पुलाच्या अलीकडं अमीनानं अडवलं. एकेकाला उतरवून विचारलं, "किती भाडं दिलंस? कुणीकडं चाललास?" पहिला म्हातारा म्हणाला, "मी महादेवीअक्काचा पाव्हणा हाय." दुसरा म्हणाला, "मी बी पाव्हणा." मग तर सगळी मोटारच पाव्हणी झाली. मराठे, लिंगायत, मांग, मोमीन, सगळे माझे पाव्हणे! मनकर्णा कडेवरच्या पोरीला पुढं करून म्हणाली, "आन् ही तर अक्काची भाची हाय." अमीन पार चिडला. मला विचारलं, "एवढे पाहुणे कशाला बोलावलेस?" मी म्हटलं, "घर मोठं आहे."

कोळसा हेच भाडं म्हणून मोटार जप्त झाली. किशनराव, भुजंग आणि मी, तिघांवर खटला आहे. आषाढात तारीख लागली आहे. कंपनीनं हैदराबादहून मोठा वकील आणला म्हणतात. तो तू नाहीस एवढं कळलं. आमच्याकडून उभा राहणाराही तू नाहीस, हेही कळलं. तू कुठं उभा असतोस, महालिंग?

महादेवी

ताडकळस, श्रावण शुद्ध प्रतिपदा, शके १८६७

महालिंग,

निकाल लागला. आम्ही सुटलो. कसे सुटलो ते तुला माझ्याआधी माहीत होतं, म्हणून राग जास्त आहे.

कंपनीच्या वकिलानं कायदा वाचून दाखवला. इजारा दहा वर्षांचा, दुसऱ्यानं चालवणं गुन्हा. मुन्सिफसाहेबांनी पुस्तक मागून घेतलं, पान उलटलं आणि म्हणाले, पुढचं कलम का वाचत नाही? त्यात होतं की कंपनीनं एखाद्या सडकेवर सलग एक महिना मोटार चालवली नाही तर त्या सडकेवरचा तिचा हक्क संपला. साहेबांनी विचारलं, रंगपंचमीनंतर ताडकळसला मोटार गेली होती का? वकील कागद चाळायला लागला. मग चिडून म्हणाला, "हे कलम मूळ मसुद्यात नव्हतं. मेंबर महालिंग यांनी शेवटच्या बैठकीत आग्रह धरून घातलं."

तुझे सासरे पुढच्या बाकावर होते. त्यांची मान अशी वळली की मला वाटलं, मोडते की काय.

किशनराव तर उठून नाचायचा बाकी होता. हे मला म्हणाले, "बघ, तुझा भाऊच कामाला आला." सगळं गाव आता तुझं नाव घ्यायलंय. मी एकटीच तुला बोल लावणारी आहे, तर ऐकून घे.

म्हणजे तुला कळत होतं! तिथं माझ्यासमोर बसून मला "आपण" म्हणताना कळत होतं की मी खरं बोलते आहे. मग दार लावल्यावर, सासऱ्यांच्या पाठीमागं, हळूच एक ओळ घातलीस आणि दहा वर्षांना हात वर केलास. दोघांकडून चांगला राहिलास. आणि ती ओळ कायद्यात आहे हे कुणाला सांगितलंसही नाहीस. एक कार्ड टाकलं असतंस तर? वैशाखात दगडाबाईच्या लेकाला कुणी म्हणालं असतं की महिना उलटला, सडक मोकळी झाली, तुझ्या मायला मोटारीत घाल. ती ओळ पुस्तकात होती आणि दगडाबाई बैलगाडीत होती. लोकांच्या भल्याची गोष्ट लोकांपासून लपवून करतात का रे?

तुझे उपकार आहेत, ते मी मानते. पण तुला शाबासकी माझ्याकडून मिळायची नाही.

आता पुढचं. मोटार परत मिळाली, सडक चालू झाली. आणि किशनराव आता या सडकेवर एकटा आहे. कालच त्यानं भुजंगला सांगितलं की वेशीपर्यंत जायचं कारण नाही, फाट्यावर उतरव, टायर झिजतात. मी तशीच उठून त्याच्या वाड्यावर गेले. म्हटलं, "पाटील, अदालतीतून येऊन महिना झाला न्हाई." तो म्हणाला, "अक्का, तसं न्हाई, पण..." त्या 'पण'मध्ये मला अख्खी गोदा मोटार कंपनी दिसली. माणूस चांगला आहे. पण त्याच्या मागं दुसरी मोटार नाही.

म्हणून दुसऱ्या मोटारीच्या परवान्याचा अर्ज मी केला आहे. यांच्या नावानं नाही, माझ्या. यांनी मोटारीच्या कामासाठी दुकानाची मागची खोली मोकळी करून दिली, भुजंग माझ्याकडं यायला तयार आहे. कलेक्टर कचेरीत म्हणाले की नवा परवाना कौन्सिलाच्या कमिटीपुढं जाईल. म्हणजे तुझ्यापुढं.

तर नीट ऐक. माझा अर्ज निघेल तेव्हा खुर्चीवरून उठ. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की ही माझी सख्खी बहीण आहे, आणि बाहेर जाऊन बस. त्यांनी मला नाही म्हटलं तर मी परत अर्ज करीन, त्यानंतर परत करीन. पण तू आत बसून राहिलास आणि माझ्यासाठी हळूच एखादी ओळ घातलीस असं कळलं, तर तो परवाना मी तुझ्या दारात येऊन फाडीन.

तुझी सख्खी बहीण
महादेवी